फळ कुणाचे? : गीताई, विनोबा आणि वर्धा

विषय

वाट्याला आलेले काम मन लावून करावे आणि त्याच्या फळावर मालकी सांगू नये, हा भगवद्गीतेचा मध्यवर्ती विचार आहे. त्याला फलत्याग म्हणतात. गीता महाभारताच्या भीष्मपर्वात येते. दोन सैन्यांच्या मध्ये रथ थांबवून उभ्या राहिलेल्या एका गोंधळलेल्या योद्ध्याभोवती हे काव्य रचलेले आहे. अर्जुनाचा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे, कारण समोरची माणसे त्याच्या घरातली आहेत. त्याला मिळणारे उत्तर मात्र कोणत्याही माणसाने आपल्यासाठी घ्यावे असे आहे. खाजगी दुःख आणि सार्वजनिक कर्तव्य यांची सांगड मूळ काव्याच्या रचनेतच असल्यामुळे गीतेच्या वाचकापुढे दोन प्रश्न कायम उभे राहतात. हा विचार आपल्या घरात आणि हातच्या कामात कसा उतरवायचा? आणि मजुरी, जमीन, सत्ता यांच्या व्यवहारात त्याला जागा आहे का?

या दोन्ही प्रश्नांचा सलग आणि उघड पाठपुरावा विसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यात झाला. विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. या दोन तारखांच्या मधल्या काळात ‘गीताई’ लिहिली गेली, ‘गीता प्रवचने’ सांगितली गेली, आणि त्या ग्रंथांतला विचार चरख्यावर, शेतात, संडास-सफाईत आणि अखेर लाखो एकर जमिनीच्या प्रश्नावर लावून पाहिला गेला. कुठे तो टिकला, कुठे अपुरा पडला. या सगळ्या प्रयोगांतून एक सूत्र हाती लागते. फलत्यागाची मागणी वाचकाने आधी स्वतःकडे करायची असते. समाजात ती करायची झाली तर ज्याच्या ओंजळीत फळ आहे त्याच्याकडे करायची असते. ज्याची ओंजळ रिकामी आहे त्याला त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मराठीतली वाट

मराठीत गीतेची वाट जुनी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे ‘भावार्थदीपिका’, म्हणजेच ज्ञानेश्वरी, सांगितली. सातशे श्लोकांचा विस्तार सुमारे नऊ हजार ओव्यांत झाला आणि संस्कृत न येणाऱ्या माणसाला गीतेचे दार उघडले. सतराव्या शतकात वामन पंडितांनी ‘यथार्थदीपिका’ ही विस्तृत टीका लिहिली आणि श्लोकाला श्लोक अशी ‘समश्लोकी’ही रचली. विसाव्या शतकात लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गीतेचे तात्पर्य संन्यास नसून कर्मयोग आहे, हे टिळकांचे प्रतिपादन स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरू पाहणाऱ्या पिढीला आधार देणारे ठरले.

गांधीजींची वाट वेगळी होती. लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करताना एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी पद्यानुवादातून त्यांना गीता प्रथम भेटली. पुढे त्यांनी गुजरातीत अनुवाद केला आणि त्याला ‘अनासक्तियोग’ हे नाव दिले. १२ मार्च १९३०, म्हणजे दांडीयात्रेचा पहिला दिवस, हाच त्याच्या प्रकाशनाचा दिवस ठरला. गीतेचा अर्थ तिच्याप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाच लागतो, ही गांधीजींची भूमिका होती. विनोबांवर या सर्वांचा संस्कार होता. ज्ञानेश्वरांकडून त्यांनी भाषेची जवळीक घेतली, टिळकांकडून कर्माचा आग्रह घेतला, आणि गांधीजींकडून वाचलेले करून पाहण्याची शिस्त घेतली.

घर

या विषयाचा पहिला धागा घरातला आहे. विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. मुलांवर पहिला संस्कार झाला तो आईचा. रुक्मिणीबाईंचे शालेय शिक्षण फारसे नव्हते, पण संतांची पदे आणि भजने त्यांना पुष्कळ पाठ होती. विनोबांनी सांगितलेली एक आठवण इथे महत्त्वाची आहे. गागोद्याच्या अंगणात फणसाचे झाड होते. फणस पिकला की आई गरे काढून पानांच्या द्रोणांत भरी आणि आधी शेजारच्या घरोघरी पाठवी. द्रोण पोचवायचे काम लहान विनायकाचे. सगळ्यांकडे पोचवून झाले की मग त्याच्या वाट्याचे गरे त्याला मिळत. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, असे ती मुलांना सांगे. फलत्यागाचा पहिला पाठ विनोबांना गीतेच्या आधी आणि अगदी शब्दशः असा मिळाला. फळ टाकून द्यायचे नव्हते. ते वाटायचे होते, आणि आपला घास शेवटी घ्यायचा होता. पुढे भूदानात जमीनदारांपुढे त्यांनी जी मागणी ठेवली तिचे मूळ या अंगणात शोधता येते.

‘गीताई’चा जन्मही आईच्या इच्छेतून झाला. बडोद्याला गीतेवर प्रवचने चालू असताना रुक्मिणीबाई ऐकायला गेल्या. संस्कृत श्लोक त्यांना उमगेनात. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिले, पण त्यांना पद्य हवे होते. मग वामन पंडितांची समश्लोकी आणली. तीही जड वाटली. तेव्हा त्यांनी मुलालाच विचारले, की तूच का करत नाहीस? विनोबा त्या वेळी विशीच्या आत-बाहेर होते. पुढे थोड्याच काळात त्यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत टाकली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असता ते वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. शिक्षणाचे बाजारात वटणारे फळ सोडण्याची ही कृती घरातल्यांना धक्का देणारी होती. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. तिने मागितलेले पुस्तक अजून लिहिले गेले नव्हते.

ते लिहायला घेतले ते बारा वर्षांनी, वर्ध्यात. ७ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे विनोबांनी ‘गीताई’ला आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी केली. सविनय कायदेभंगाच्या धामधुमीचे ते महिने होते. पहिली आवृत्ती १९३२ मध्ये निघाली, तेव्हा ते धुळ्याच्या तुरुंगात होते. ‘गीताई’ची रचना समश्लोकी आहे. मूळ श्लोकाला एक मराठी श्लोक, आणि तोही बोलीच्या जवळचा, समासांचे ओझे नसलेला, म्हणताना जिभेवर अडखळू नये असा. मूळ विचारात कवीने आपल्या पदरची भर घालायची नाही, हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. या ग्रंथात पांडित्याचा मान दुय्यम आहे. वाचणारी बाई स्वयंपाकघरातून उठून आली तरी तिला कळले पाहिजे, हीच कसोटी. लाखो प्रती घरोघर पोचल्या आणि अनेक मराठी शाळांत, प्रार्थनांत ‘गीताई’ म्हटली जाऊ लागली, त्याचे कारण या कसोटीत आहे. एका आईसाठी केलेले पुस्तक पुष्कळांच्या आयांपर्यंत गेले.

तुरुंग

दुसरा धागा धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ च्या आरंभी विनोबांना शिक्षा होऊन तिथे ठेवले गेले. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली. श्रोते म्हणजे बरोबरचे राजकैदी. त्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ही प्रवचने उतरून घेतली. बोलणारा आणि टिपणारा यांचा असा मेळ क्वचित जमतो. ‘गीता प्रवचने’ या नावाने ग्रंथ झाला, भारतातील अनेक भाषांत गेला, आणि भूदानयात्रेत गावोगाव वाचला गेला.

या पुस्तकाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक तात्त्विक मुद्दा रोजच्या माणसाच्या जागेवर आणून ठेवलेला आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या विषादाची चिकित्सा करताना विनोबा एका न्यायाधीशाचे उदाहरण घेतात. ज्याने शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावली, त्याच्यासमोर त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहिला तेव्हा त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. युक्तिवाद करुणेचा, पण मूळ ममतेचे. अर्जुनाची अडचण अशीच आहे, हे एवढ्यावरून श्रोत्याला उमजते आणि आपल्या अशा जागा कोणत्या, याचा शोधही तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या अध्यायात पंढरीचा पुंडलीक येतो. दारात देव आला तरी हातातली आईबापांची सेवा न सोडणारा हा भक्त स्वधर्म म्हणजे काय ते मराठी माणसाला एका क्षणात सांगतो. चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म ही अवघड त्रयी आहे. विनोबांच्या मांडणीत कर्म म्हणजे बाहेरची कृती आणि विकर्म म्हणजे त्या कृतीला मिळालेली मनाची साथ. दोन्ही एकत्र आली की कामाचे ओझे उरत नाही, ती स्थिती अकर्म. याच मांडणीने सूत कातणे, दळणे, झाडणे ही कामे ध्यानाच्या तोडीची ठरतात.

बाराव्या अध्यायात सगुण आणि निर्गुण भक्तीचा भेद लक्ष्मण आणि भरत यांच्या आधारे उलगडला आहे. एक रामाजवळ राहून सेवा करतो, दुसरा दूर राहून त्याचे काम करतो. या उदाहरणाला पुढे वर्धा जिल्ह्यात एक अनपेक्षित जोड मिळाली. १९३८ मध्ये विनोबा प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत धाम नदीकाठच्या पवनारला राहायला आले. तिथे खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतले एक शिल्प भरत-राम भेटीचे आहे. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते आणि या शिल्पांत त्यांनी रामकथेतील प्रसंग ओळखले. विनोबांनी ते शिल्प आश्रमात स्थापले. सहा वर्षांपूर्वी तुरुंगात ज्या भरताबद्दल ते बोलले होते तो त्यांच्याच कुदळीखाली सापडला, ही गोष्ट त्यांना फार मोलाची वाटली.

काम आणि मजुरी

तिसरा धागा कामाचा. वर्ध्याचा सत्याग्रहाश्रम जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून सुरू झाला. १९२३ मध्ये विनोबांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे नियतकालिक काढले आणि उपनिषदांवर लिहायला घेतले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. अभ्यास आणि आंदोलन असे एकत्र चालले होते. १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले केले, तेव्हा विनोबा त्यांच्याबरोबर होते.

फलत्यागाचा विचार मजुरीला लावून पाहण्याचा प्रयोग वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे झाला. १९३२ च्या अखेरीस विनोबा तिथल्या दलित वस्तीत राहायला गेले. चरखा संघ कातणाऱ्या बाईला जी मजुरी देतो तेवढ्यात पोट भरते का, हे पाहण्यासाठी त्यांनी १९३५ मध्ये रोजचे आठ तास आणि त्याहून अधिक सूतकताई केली व आपला आहार त्या मिळकतीत बसवण्याचा प्रयत्न केला. पोट भरत नव्हते. जे काम देशसेवा म्हणून गौरवले जात होते त्याचा मोबदला करणाऱ्याला अर्धपोटी ठेवणारा होता. त्याच वर्षी चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने मजुरी वाढवण्याचा ठराव केला. या प्रयोगाचे वाङ्मयीन महत्त्व असे, की फलत्याग आणि कमी मजुरी यांत घोळ होऊ शकतो हे इथे उघडे पडले. कातणाऱ्या बाईने मोबदला मागू नये, असे गीता कुठेही सांगत नाही. तिच्या कष्टाचे फळ दुसऱ्याने गिळावे, असे तर नाहीच नाही.

सेवेच्या क्षेत्रात याच विचाराची दोन उदाहरणे वर्धा जिल्ह्यात आहेत. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. त्या काळी या रोगाचे नाव काढले तरी माणसे दूर पळत. दुसरे उदाहरण सुरगावचे. १९४६ पासून सुमारे दीड-पावणेदोन वर्षे विनोबा खांद्यावर फावडे घेऊन पवनारहून रोज पायी सुरगावला जात आणि तिथली मैलासफाई करून परत येत. पाऊस असो की ऊन, नेम चुकत नसे. हे काम ज्या जातींच्या माथी मारलेले होते त्यांना ते निष्काम कर्म म्हणून गोड मानायला सांगणे क्रूरपणाचे झाले असते. विनोबांनी ते स्वतः हाती घेतले.

सेवाग्रामचे वातावरण या सगळ्याच्या शेजारी होते. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचे अखेरचे एकोणीस श्लोक, म्हणजे स्थितप्रज्ञाची लक्षणे, रोज म्हटली जात. सुखाने न उसळणारा आणि दुःखाने न खचणारा माणूस कसा असतो, याचे ते वर्णन आहे. मोठ्या राजकीय निर्णयांची चर्चा ज्या अंगणात होई त्याच अंगणात हे श्लोक संध्याकाळी घुमत. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून तो सुरू केला. १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात त्यांनी याच एकोणीस श्लोकांवर व्याख्याने दिली. ती ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ म्हणून प्रसिद्ध आहेत. ‘गीता प्रवचने’ सर्वांसाठी आहे. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ अधिक नेटका, साधकाला समोर ठेवून केलेला विचार आहे.

जमीन

घर, तुरुंग आणि हातचे काम यांच्या पुढची पायरी जमिनीची. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी वर्ध्याहून पायी निघाले. संमेलनानंतर ते तेलंगणात शिरले. तिथे जमिनीच्या प्रश्नावर सशस्त्र संघर्ष पेटलेला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली, तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात इथे झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पवनारहून दिल्लीकडे निघाले आणि मग पायी चालतच राहिले. पवनारला परतले ते १९६४ मध्ये.

भूदान म्हणजे फलत्यागाचे सार्वजनिक रूप. मागणी जमीनमालकाकडे होती : घरात आणखी एक मुलगा आहे असे समजून भूमिहीनाचा वाटा काढून द्या. उत्तर प्रदेशातील मंगरोठपासून १९५२ मध्ये ग्रामदानाची कल्पना पुढे आली. तिच्यात जमिनीची मालकीच गावाकडे सोपवायची होती. या चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याने १९५३ मध्ये भूदानयज्ञाचा कायदा केला होता. विदर्भातल्या भूदान जमिनींचे व्यवहार पुढे त्याच कायद्याच्या चौकटीत राहिले.

यशाबरोबर अपयशही नोंदले पाहिजे. दानात आलेल्या जमिनीतील बरीच नापीक, खडकाळ किंवा वादात अडकलेली होती. पुष्कळ जमिनीचे वाटप कधी झालेच नाही. काही दात्यांनी कमाल जमीन धारणेच्या कायद्याच्या भीतीने, तर काहींनी नावासाठी दान दिले. देणाऱ्याच्या मनात बदल होतो, पण त्या बदलाला कागदपत्रे, मोजणी, पाणी आणि बैलजोडी यांची जोड मिळाली नाही तर घेणाऱ्याच्या चुलीवर काही शिजत नाही. साहित्यातून आलेल्या विचाराला समाजात किती दूर जाता येते आणि कुठून पुढे यंत्रणा लागते, हे भूदानाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या चळवळीने दाखवले असेल असे वाटत नाही. तरीही केवळ शब्दाच्या बळावर, कायद्याच्या आणि बंदुकीच्या धाकाशिवाय, एवढी जमीन देण्याची गोष्ट लोकांनी बोलावी, हे जगाच्या इतिहासात दुर्मीळच आहे.

जगाशी धागे

गीतेचा जगाशी संबंध वर्ध्यापासून सुरू होत नाही. चार्ल्स विल्किन्स यांचा १७८५ चा इंग्रजी अनुवाद एमर्सन आणि थोरो यांच्यापर्यंत पोचला होता. थोरोने ‘वॉल्डन’ तळ्याकाठी गीता वाचली. त्याच्या सविनय कायदेभंगावरील निबंधाचा पुढे गांधीजींना आधार वाटला. पुस्तके अशी फिरून येतात.

वर्ध्यातून बाहेर गेलेले धागे वेगळे आहेत. इटालियन कवी आणि विचारक लांझा देल वास्तो १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे आले. युरोपात परतल्यावर त्यांनी श्रम आणि अहिंसा यांवर उभी असलेली ‘आर्श’ ही वसाहत स्थापन केली आणि १९५४ मध्ये ते विनोबांच्या पदयात्रेत चालायला पुन्हा भारतात आले. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे निघाले. वाटेत पैसा जवळ ठेवू नका, असा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. त्यांनी तो पाळला आणि अनोळखी देशांतल्या अनोळखी घरांच्या आदरातिथ्यावर ते चालत राहिले. अमेरिकेत १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात चार्ल्स शेरॉड, रॉबर्ट स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ उभी केली. तिथे जमीन एका न्यासाकडे राहून कसणाऱ्याला वापराचा हक्क मिळणार होता. या रचनेच्या प्रेरणांमध्ये भारतातील ग्रामदानही होते. आज अमेरिकेतील अनेक शहरांत घरांसाठी वापरली जाणारी सामुदायिक भूमिन्यासाची पद्धत तिथून वाढली. कर्जामुळे आणि सरकारी मदतीतील भेदभावामुळे १९८५ मध्ये ती मूळ जमीन हातची गेली, पण कल्पना टिकली. फळाच्या मालकीचा प्रश्न मराठी आईच्या फणसापासून जॉर्जियातल्या शेतापर्यंत असा पोचतो.

आक्षेप

कोणत्याही प्रामाणिक प्रस्तावनेत विरोधी वाचनाला जागा हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गीतेकडे चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देणारा ग्रंथ म्हणून पाहिले आणि बौद्ध क्रांतीविरुद्धच्या प्रतिक्रांतीच्या संदर्भात तिची चिकित्सा केली. हे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ध्यापासून काही तासांच्या अंतरावर, नागपूरला, लाखो माणसांनी त्यांच्याबरोबर धम्मदीक्षा घेतली. ‘स्वधर्म’ या कल्पनेत जन्माने ठरलेले काम आले की काय, हा आंबेडकरांचा प्रश्न टाळून गीताई वाचणे म्हणजे अर्धे वाचणे होय. विनोबांनी सुरगावात फावडे उचलून त्या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. ते उत्तर एका माणसाच्या आचरणाचे आहे. समाजरचनेला विचारलेला प्रश्न त्याने मिटत नाही.

दुसरा आक्षेप विनोबांच्या उत्तरायुष्यातला. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात मौनात असताना त्यांनी महाभारतातील ‘अनुशासनपर्व’ या नावाचा उल्लेख केला. सरकारने तो आपल्या समर्थनार्थ भिंतीभिंतींवर वापरला आणि विनोबांवर मोठी टीका झाली. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला भरलेल्या आचार्य संमेलनात त्यांनी भेद स्पष्ट केला : अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे ते शासन. तोवर शब्द पसरला होता. ग्रंथातला शब्द सार्वजनिक जीवनात आला की तो उच्चारणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. सत्ता तो उचलू शकते, आणि बोलणाऱ्याने याची जबाबदारी आधीच ओळखायला हवी.

तिसरा आक्षेप आजचा. वर्धा जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर वर्धाही होता. ज्याचे पीक पावसाने, बोंडअळीने किंवा पडलेल्या भावाने गेले, ज्याच्या सातबारावर कर्जाचा बोजा आहे, त्याला फळाची आशा सोड म्हणणे हा विचाराचा अपमान आहे. शेतकऱ्याचे फळ आधीच हिरावले गेलेले असते. इथे फलत्यागाचा प्रश्न विचारायचा तो व्यापाऱ्याला, सावकाराला, धोरण ठरवणाऱ्याला आणि स्वस्त कापड अंगावर घालणाऱ्या प्रत्येकाला.

कसे वाचावे

वर्ध्यात गोपुरीला ‘गीताई मंदिर’ आहे. ही वास्तू १९८० मध्ये उभी राहिली. तिला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर ‘गीताई’चे अठराही अध्याय कोरलेले आहेत आणि वाचणारा शिळांच्या कडेने चालत चालत वाचतो. पवनारला १९५९ मध्ये विनोबांनी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथल्या भगिनींनी सामूहिक जीवन, श्रम, अध्ययन आणि सर्वसंमतीने निर्णय ही रीत चालवली. ग्रंथ आणि जगणे यांचा संबंध समजून घ्यायला या दोन जागा उपयोगी आहेत, पण वाचनाला पर्याय नाही.

नव्या वाचकाने आधी ‘गीताई’ मोठ्याने वाचावी, कारण ती कानासाठी रचलेली आहे. मग ‘गीता प्रवचने’ दर आठवड्याला एक अध्याय या मूळ गतीने घ्यावीत. त्यानंतर ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ वाचावे. शेजारी ज्ञानेश्वरी, ‘गीतारहस्य’ आणि आंबेडकरांची चिकित्सा असावी. एकाच ग्रंथाला चार वेगळे प्रश्न विचारले गेले की आपला स्वतःचा प्रश्न कोणता ते कळू लागते.

वाचताना तीन गोष्टी तपासत जाव्यात. पहिली, हा विचार कुणी कुणाला सांगतो आहे; सांगणाऱ्याच्या हाती काय आहे आणि ऐकणाऱ्याच्या हाती काय. दुसरी, सांगणाऱ्याने तो आपल्या दिवसाच्या कामात कुठे उतरवला आहे. तिसरी, त्या विचारातून दुसऱ्याच्या ताटात काही पडले का. विनोबांच्या आयुष्यातले प्रसंग या तीन प्रश्नांवर घासून पाहिले तर काही उजळून निघतात आणि काही फिके पडतात. वाचकाने हेच तीन प्रश्न आपल्या घराला, आपल्या पगाराला आणि आपल्या जमिनीला लावले, म्हणजे साहित्यातला विषय जगण्याशी जोडण्याचे काम सुरू झाले असे समजावे.